वर्ग चालू असतानाच विचारा

आपल्याकडे शाळेत शिकवायचे तर डी.एड. किंवा बी.एड. लागते. कॉलेजात शिकवायला मात्र विषयातली पदव्युत्तर पदवी आणि सेट, नेट किंवा पीएच.डी. असली की पुरते. नेटच्या पहिल्या पेपरात अध्यापनावर थोडे प्रश्न येतात, तेवढाच काय तो संबंध. नवा प्राध्यापक पहिल्या दिवशी वर्गात शिरतो तो आपल्याला कोणी कसे शिकवले होते, तेवढ्या आठवणीवर. ही गोष्ट फक्त आपल्याकडची नाही, बहुतेक देशांत विद्यापीठांचा कारभार असाच चालत आला आहे.

अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाने 1962 मध्ये ही उणीव मान्य केली आणि तिच्यावर काम करण्यासाठी अॅन आर्बरला एक स्वतंत्र केंद्र काढले. त्याचे नाव सेंटर फॉर रिसर्च ऑन लर्निंग अँड टीचिंग, पण सगळे त्याला सीआरएलटी म्हणतात. त्या देशातले अशा तऱ्हेचे हे पहिले केंद्र. पहिले संचालक स्टॅनफर्ड एरिक्सन मानसशास्त्राचे होते. त्याच विद्यापीठात, त्याच विषयात विल्बर्ट मकीची होते. विभागातल्या नवख्या शिक्षकांसाठी त्यांनी काही सूचना लिहून काढल्या होत्या. पहिल्या तासाला काय करावे, चर्चा कशी सुरू करावी, परीक्षेचे प्रश्न कसे काढावेत, अशा अगदी कामाच्या गोष्टी. त्यातून पुढे ‘टीचिंग टिप्स’ हे पुस्तक झाले आणि अनेक पिढ्यांतल्या प्राध्यापकांनी ते हाताशी ठेवले. मकीची 2019 मध्ये वारले, तोवर पुस्तकाच्या चौदा आवृत्त्या निघाल्या होत्या.

केंद्रात कार्यशाळा होतात, नव्या शिक्षकांचे वर्ग होतात, अनुदानेही मिळतात. पण मला सगळ्यात मोलाचे वाटते ते एक साधे काम: सत्राच्या मध्यावर विद्यार्थ्यांचे म्हणणे गोळा करणे. या पद्धतीचे मूळ 1970 च्या दशकात वॉशिंग्टन विद्यापीठात आहे. मिशिगनने ती आपलीशी केली.

ती चालते अशी. प्राध्यापक स्वतःहून केंद्राला बोलावतो. ठरल्या दिवशी केंद्राचा सल्लागार मागच्या बाकावर बसून तास पाहतो. तास संपायला वीस-पंचवीस मिनिटे उरली की प्राध्यापक बाहेर जातो. सल्लागार मुलांचे लहान लहान गट करतो आणि त्यांच्यापुढे दोन प्रश्न ठेवतो. या वर्गात तुम्हाला शिकायला कशाची मदत होते? आणि काय बदलले तर जास्त मदत होईल? गटाने आपसात बोलून उत्तरे लिहायची. मग सल्लागार ती सगळ्या वर्गासमोर मांडून घेतो आणि मोघम उत्तर आले की खोदून विचारतो. समजा, एका गटाने लिहिले, ‘सर फार भरभर जातात.’ कुठे भरभर? सगळीकडे, की फळ्यावरची सिद्धता उतरवून घेताना? बाकीच्या गटांनाही तसेच वाटते का? पाच मिनिटांत कळते की अडचण वेगाची नव्हतीच. सर लिहिता लिहिता बोलतात, त्यामुळे मुले एक तर उतरवून घेऊ शकतात किंवा ऐकू शकतात. यावर इलाज आहे, आणि तो पुढच्याच तासाला करता येतो.

त्यानंतर सल्लागार आणि प्राध्यापक समोरासमोर बसतात. काय बदलायचे आणि काय का बदलता येणार नाही, हे प्राध्यापक पुढच्या तासाला मुलांना सांगतो. आपण बोललो त्याचे काही झाले, हे मुलांना त्याच सत्रात दिसते. सत्र संपल्यावर भरून घेतलेल्या फॉर्मचा फायदा, झालाच तर, पुढच्या वर्षीच्या मुलांना होतो. ज्यांनी तो भरला ती मुले तोवर निघून गेलेली असतात.

हे सगळे ज्यावर उभे आहे ती गोष्ट म्हणजे गुप्तता. सल्लागाराने जे पाहिले आणि ऐकले ते प्राध्यापकापाशीच राहते. ते विभागप्रमुखाकडे जात नाही, बढतीच्या फायलीत लागत नाही. ही भिंत नसती तर प्राध्यापकाने स्वतः कोणाला वर्गात बोलावलेच नसते.

केंद्राची एक नाट्यमंडळीही आहे, सीआरएलटी प्लेअर्स. 2000 च्या सुमारास ती सुरू झाली. वर्गात एखाद्या मुलीचे बोलणे मधेच तोडले जाते किंवा विभागाच्या बैठकीत एखाद्या सहकाऱ्याच्या कायम नेमणुकीवर चर्चा चालते, असे प्रसंग नट प्राध्यापकांपुढे उभे करतात. प्रयोग संपला तरी पात्रे भूमिकेतच राहतात आणि प्रेक्षक त्यांना थेट विचारतात, ‘तुम्ही तेव्हा गप्प का बसलात?’ पथनाट्याची परंपरा असलेल्या आपल्या प्रांतात हे सहज रुजेल.

शिकवण्याची रीत बदलल्याने मुलांच्या निकालात खरेच फरक पडतो का? पडतो. विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या वर्गांवरच्या 225 अभ्यासांचा एकत्रित आढावा 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत नापासांचे प्रमाण सरासरी 33.8 टक्के होते. मुलांना वर्गातच विचार करायला, बोलायला, सोडवायला लावणाऱ्या वर्गांत ते 21.8 टक्क्यांवर आले. आपल्या पवईच्या आयआयटीतही संगणकशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या मोठ्या वर्गात आधी एकट्याने, मग जोडीने, मग सगळ्यांनी मिळून विचार करण्याचा प्रयोग झाला. 2013 च्या त्या अभ्यासात या कामात सरासरी 83 टक्के मुले गुंतलेली आढळली.

पण 2019 मध्ये हार्वर्डच्या भौतिकशास्त्राच्या वर्गांतून आणखी एक गोष्ट समोर आली. स्वतः डोके चालवावे लागलेल्या मुलांना चाचणीत गुण जास्त पडले, तरी आपण कमी शिकलो असे त्यांना वाटत होते. छान व्याख्यान ऐकले की सगळे समजल्यासारखे वाटते. म्हणजे रीत बदलणाऱ्या प्राध्यापकावर सुरुवातीला नाराजीच ओढवते, आणि अशा वेळी पाठीशी कोणी नसेल तर तो महिन्याभरात जुन्या वाटेवर परततो.

आपल्याकडे 1986 च्या शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने अकॅडमिक स्टाफ कॉलेजे काढली. पुणे, मुंबई, नागपूर इथेही ती उभी राहिली. आज ती मालवीय मिशनच्या नावाने चालतात. ओरिएंटेशन आणि रिफ्रेशर कोर्समधून हजारो प्राध्यापक गेले, विषयाची उजळणी झाली, ओळखी झाल्या. मात्र हे कोर्स बढतीला जोडलेले, म्हणून प्रमाणपत्राला वजन आले. प्राध्यापक आपल्या वर्गात परतल्यावर तिथे काय होते, हे पाहायला कोणी गेले नाही. आपली खरी उणीव इथे आहे, आणि ती भरून काढायला नवी इमारत किंवा मोठे अनुदान लागत नाही.

प्राध्यापक मित्रहो, येत्या सत्राच्या सातव्या-आठव्या आठवड्यात दुसऱ्या विभागातल्या, विश्वासातल्या एका सहकाऱ्याला आपल्या वर्गात बोलवा. शेवटची पंचवीस मिनिटे त्यांच्या हाती द्या आणि बाहेर थांबा. पुढच्या आठवड्यात तुम्ही त्यांच्या वर्गात जा. आणि प्राचार्यांना एवढीच विनंती की त्या दोघांत काय बोलणे झाले, ते कृपया विचारू नका.