मुक्तस्रोत आज्ञावलीतील दोषनिवेदन : स्वरूप व पद्धती

फायरफॉक्स, लिबरऑफिस यांसारख्या मुक्तस्रोत, म्हणजेच ओपन सोर्स आज्ञावलींत दोष आढळल्यास वापरणारा बहुधा काहीतरी तोडगा काढून पुढे जातो. एरिक रेमंड यांनी १९९७ मध्ये मांडलेल्या ‘द कॅथेड्रल अँड द बझार’ या निबंधात वापरकर्त्यास सहविकासक मानले आहे. वापरकर्त्याने दोष पाहिला पण कळविलाच नाही, तर या भूमिकेला अर्थ उरत नाही. मराठीच्या बाबतीत ही उणीव अधिक जाणवते. कारण येथील कित्येक दोष विकासकास दिसूच शकत नाहीत.

‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ ही शब्दांची जोडी पाहावी. पहिल्यात रफार आहे, दुसऱ्यात ‘र’चे आडवे अर्धे रूप. युनिकोडमध्ये हे आडवे रूप खाली टिंब असलेला ‘ऱ’ व हलन्त यांतून साधते. साधा ‘र’, हलन्त व अदृश्य जोडचिन्ह यांतूनही साधते. टंकात, म्हणजे फाँटमध्ये, ते रूप नसेल किंवा अक्षरजुळणीत चूक झाली, तर त्याजागी रफार उमटू शकतो. मग सत्कार स्वयंपाक्यांचा की विद्वानांचा, हे निमंत्रणपत्रिकेवरून कळणार नाही! देवनागरी न जाणणाऱ्या विकासकास मात्र दोन्ही आकृत्या सारख्याच निर्दोष भासतात. म्हणून काय दिसले याबरोबरच काय दिसावयास हवे होते, हेही चित्रासह सांगणे अगत्याचे ठरते.

‘मराठी नीट दिसत नाही’ एवढेच कळविणे व्यर्थ होय. दोष टंकलिखित अक्षरक्रमात, टंकात, अक्षरजुळणीत किंवा प्रत्यक्ष आज्ञावलीत असू शकतो. टंक बदलताच शब्द सुधारला, तर संशय प्रथम टंकावर येतो. लिबरऑफिस व फायरफॉक्स या दोहोंत अक्षरजुळणीचे काम ‘हार्फबझ’ करते. त्यामुळे दोहोंपैकी एकातच चूक दिसल्यास त्या आज्ञावलीकडे बोट दाखविता येते. केवळ पडद्याचे छायाचित्र पाठविणे पुरेसे नसते, कारण अदृश्य जोडचिन्ह चित्रात उमटत नाही. चाळीस पानांचा प्रबंध जोडण्याऐवजी तोच एक शब्द असलेली छोटी फाइल तयार करावी आणि तीत दोष पुन्हा दिसतो याची खात्री करावी. आज्ञावली, संगणकप्रणाली व टंक यांच्या आवृत्त्या आणि दोष उद्भवेपर्यंतच्या कृती क्रमाने नोंदवाव्यात. एका निवेदनात एकच दोष असावा.

मोझिलाने १९९८ मध्ये खुली केलेली ‘बगझिला’ ही नोंदप्रणाली लिबरऑफिसही वापरते. नवी नोंद करण्यापूर्वी जुन्या नोंदी धुंडाळाव्यात व नवीनतम आवृत्तीत दोष कायम आहे का, हे पाहावे. भाषा साधी इंग्रजी असावी. व्याकरणाच्या भीतीने निवेदन टाळण्याचे कारण नाही. वाचणारे अनेकजण स्वेच्छेने काम करीत असल्याने रागाचा सूर निरुपयोगी ठरतो. नोंदीनंतर येणाऱ्या प्रश्नांना उत्तर दिले नाही, तर लिबरऑफिसच्या नोंदवहीत ‘अपुरी माहिती’ असा शेरा पडून निवेदन बंद होऊ शकते.

अशा नोंदी व त्यांना जोडलेल्या फाइली सामान्यतः कोणालाही उघडता येतात. विद्यार्थ्यांची नावे वा गुण असलेला तक्ता नमुना म्हणून कदापि जोडू नये. त्याजागी काल्पनिक मजकूर घालावा. सुरक्षेला धोका पोहोचविणारा दोष तर उघड नोंदीत न लिहिता, त्या प्रकल्पाने ठरवून दिलेल्या गोपनीय मार्गानेच कळवावा.