जुनी जिप्सी डोंगरासाठी तयार करताना

महिंद्रांनी १९४७ मध्ये मुंबईत विलिज जीपची जुळणी सुरू केली, तेव्हापासून महाराष्ट्राला फोर बाय फोरची ओळख आहे. पण आज कुणी तरुण जुनी गाडी घेऊन ती घाटवाटांसाठी उभी करायची म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा त्याच्या डोळ्यांसमोर मारुतीची जिप्सी असते. नवी जिप्सी आता मिळत नाही. सामान्य ग्राहकांसाठीची विक्री २०१९ मध्ये थांबली. म्हणजे जी आहे ती जुनीच, कुणाच्या तरी हातून गेलेली आणि बरेचदा कुणीतरी आधीच छेडलेली. अशी गाडी हाती आल्यावर कोणतं काम कोणत्या क्रमाने करावं, ते इथे मांडतो आहे. माझं मत पहिल्यांदाच सांगतो: गाडी आधी कारखान्यातून निघाली होती तशी झाली पाहिजे. फेरफार त्यानंतर, आणि तेही मोजके.

जिप्सीच का?

डिसेंबर १९८५ मध्ये ती बाजारात आली तेव्हा ९७० सीसीचं पेट्रोल इंजिन होतं. १९९६ मध्ये १२९८ सीसीची जिप्सी किंग आली आणि २००० मध्ये कार्ब्युरेटर जाऊन एमपीएफआय आलं, त्याबरोबर ताकद ६० वरून ८० हॉर्सपॉवरवर गेली. बाकीचा सांगाडा मात्र तोच राहिला: शिडीसारखी चासी, पुढे-मागे अखंड ॲक्सल आणि चारही चाकांना पाटे. लष्कराने ती १९९१ पासून वापरली, ती याच साधेपणामुळे.

तिचं खरं बळ वजनात आहे. गाडी जेमतेम एक टनाची. प्यूजोच्या २११२ सीसी डिझेल इंजिनवर चालणारी महिंद्रा एमएम ५४० चढावर जास्त जोर लावते, यात वाद नाही. पण चिखलात जिथे जड जीप खाली बसते, तिथून जिप्सी वरच्या वर निघून जाते. पुढचा प्रत्येक निर्णय घेताना हे वजन लक्षात ठेवायचं.

निवड करता येत असेल तर २००० नंतरची एमपीएफआय घ्या. उभ्या चढावर गाडी तिरकी झाली की कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल एका बाजूला जातं आणि इंजिन नको तिथे बंद पडतं. एमपीएफआयला हा त्रास नाही. शिवाय हे इंजिन एस्टीमच्या कुळातलं असल्याने त्याची नस ओळखणारा मिस्त्री तालुक्याच्या गावीही सापडतो.

आधी कागद

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी पुन्हा पासिंग. सौदा करण्याआधी आरसीवरचा चासी नंबर आणि चासीवर ठोकलेला नंबर स्वतः वाचून जुळवा. नंबराच्या आजूबाजूला ग्राइंडर फिरल्याची खूण किंवा ताजा रंग दिसला तर तिथूनच परत फिरा. गाडी परराज्यातली असेल तर तिथल्या आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र, आणि लष्कराच्या लिलावातली असेल तर लिलावाचे मूळ कागद हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. लष्करी गाडी घेणाऱ्यांना आणखी एक गोष्ट माहीत हवी: ऑलिव्ह ग्रीन रंग केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार फक्त संरक्षण दलांच्या गाड्यांसाठी राखीव आहे. हौसेने तो ठेवता येत नाही, आणि बदललेला रंग आरसीवर नोंदवून घ्यावा लागतो.

पत्रा आणि चासी

सोबत एक लहान हातोडी, एक लोहचुंबक आणि टॉर्च न्या. चासीवर पुढून मागे हलकेच ठोकत जायचं. धड लोखंड खणखणीत वाजतं, आतून खाल्लेलं बद्द वाजतं. पाट्यांचे हँगर, बॉडी जिथे बसते ते माउंट आणि मागच्या बंपरजवळची चासीची टोकं, या जागा पुन्हा पुन्हा तपासा. लोहचुंबक पत्र्यासाठी: जिथे तो चिकटत नाही, तिथे रंगाखाली लांबीचा जाड थर आहे. पायाखालचा फ्लोअर, चाकांवरच्या कमानी आणि पुढच्या काचेच्या चौकटीची खालची कड इथे हमखास गंज सापडतो. रत्नागिरी-मालवणकडची गाडी असेल तर तो जास्त खोल गेलेला असतो.

पत्रा बदलता येतो, त्याची धास्ती नको. चासी वाकलेली किंवा कापून जोडलेली असेल तर मात्र ती गाडी घेऊ नये, कितीही स्वस्त मिळो.

काम करायचं तर बॉडी उचलून चासी उघडी करणं उत्तम. सँडब्लास्टिंग, मग इपॉक्सी प्रायमर, मग रंग. कुजलेला भाग पूर्ण कापून नवा पत्रा जोडायचा. गंजावर पट्टी ठोकून वर वेल्डिंग करणारे कारागीर भेटतात, त्यांना नम्रपणे नकार द्या. वेल्डिंगआधी पेट्रोलची टाकी उतरवावी, बॅटरी सोडवावी आणि एमपीएफआय गाडीत ईसीयूचा कनेक्टरही काढावा. चासीच्या खाली पाणी निघून जायची भोकं असतात, ती रंगाने बुजू देऊ नका. वरून नवी दिसणारी चासी याच बुजलेल्या भोकांमुळे आतून कुजते.

पुढचा ॲक्सल: इथे वेळ द्या

जुन्या जिप्सीची सगळ्यात जास्त हेळसांड होते ती इथे. पुढच्या चाकाच्या आत, ॲक्सलच्या टोकाला एक मोठा गोळा दिसतो. त्यात ग्रीसने भरलेला जॉइंट असतो, जो चाक वळलेलं असतानाही त्याला फिरवतो. ॲक्सलच्या आतलं ऑइल सील गेलं की डिफरन्शिअलचं ऑइल या गोळ्यात उतरतं, ग्रीस पातळ होतं आणि काळा, पाण्यासारखा ओघळ बाहेरच्या फेल्ट सीलमधून खाली येतो. पुढे तो ब्रेकपर्यंत जातो. गाडीखाली वाकून गोळ्याच्या खालच्या बाजूला बोट फिरवलं तर अर्ध्या मिनिटात कळतं. बरेच जण फक्त बाहेरचं सील बदलून मोकळे होतात. आतलं बदललं नाही तर थोड्याच दिवसांत ओघळ परत सुरू होतो.

दुसरी तपासणी खेळाची. पुढचं चाक जॅकवर उचला, टायर वर आणि खाली धरून हलवा. खडखड जाणवली तर मित्राला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. तसाच राहिला तर किंग पिनच्या बेअरिंगचा. ताशी पन्नास-साठला एखाद्या खड्ड्यावरून गेल्यावर स्टिअरिंग हातातून निसटेल इतकं थरथरू लागतं, त्यामागे बहुधा हीच किंग पिन बेअरिंग, झिजलेले टाय रॉड एंड किंवा बॅलन्सिंग नसलेली चाकं असतात. काही जण त्यावर जाड स्टिअरिंग डॅम्पर बसवून देतात. थरथर तेवढ्यापुरती दबते आणि झीज आत चालू राहते. आधी बेअरिंग बदला, शिम घालून योग्य ताण द्या. डॅम्परची बहुधा गरजच उरत नाही.

ब्रेकचे पाइप, होज आणि सिलिंडर इतक्या जुन्या गाडीत न बघता नवे टाकावेत. इथे काटकसर करू नये.

ट्रान्स्फर केस, शाफ्ट आणि इंजिन

जिप्सीची ट्रान्स्फर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणारी पेटी, गिअरबॉक्सपासून वेगळी, एका छोट्या शाफ्टने जोडलेली असते आणि तीन रबरी माउंटवर टांगलेली असते. ही रबरं फाटली की गाडी घरघरते, उतारावर लिव्हर आपोआप निसटतो, आणि मालक मात्र गिअरबॉक्स उघडायला निघतो. आधी रबरं बघा. मग प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस हाताने फिरवून बघा.

हायमध्ये या पेटीचं गुणोत्तर १.४०९ आणि लोमध्ये २.२६८. म्हणजे त्याच गिअरवर लोमध्ये दीडपटीहून जास्त जोर मिळतो आणि वेग त्याच प्रमाणात कमी होतो. दगडांतून जाताना हा कमी वेगच गाडी वाचवतो. पुढच्या-मागच्या चाकांत मध्ये डिफरन्शिअल नसल्याने कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर बाय फोर टाकून वळू नये. पेटीवर ताण येतो.

इंजिनाबद्दल फार सांगायला नको. कॉम्प्रेशन मोजा, रेडिएटर साफ करून घ्या, कूलिंगचे सगळे पाइप नवे टाका, जुनं तुकड्यातुकड्यांनी जोडलेलं वायरिंग काढून सलग नवं घाला.

पहिला बदल टायरचा

गाडी मूळ स्थितीत आली, काही महिने चालली, तिच्या सवयी कळल्या की मग फेरफाराचा विचार. त्यात पहिला पैसा टायरवर. जिप्सीवर दिसणारा २०५/७० आर १५ टायर सुमारे ६६८ मिलिमीटर उंच असतो. २३५/७५ आर १५ घातला तर उंची ७३३ मिलिमीटरच्या आसपास जाते. ॲक्सल जमिनीपासून त्याच्या निम्म्याने, म्हणजे सव्वातीन सेंटिमीटरने वर येतो. बाकी कशानेही ॲक्सलचा तळ वर येत नाही. पाटे उंच केले तरी वर जाते ती बॉडी.

याची किंमतही असते. चाक दहा टक्क्यांनी मोठं झालं की स्पीडोमीटर ६० दाखवताना गाडी ६६ ने धावते, चढावर एक गिअर खाली उतरावं लागतं, ब्रेकला जास्त मेहनत पडते. त्याहून मोठे टायर घातले की डिफरन्शिअलचं गुणोत्तर बदलण्यापर्यंत गोष्ट जाते. हौशी वापराला मी इथेच थांबायला सांगेन.

आणि हवा. दगड-चिखलात शिरण्याआधी १८ ते २० पीएसआयपर्यंत हवा कमी केली तर टायर जमिनीवर पसरतो आणि पकड लक्षणीय वाढते. परत डांबरीवर येताना भरायची, म्हणून बॅटरीवरचा पंप गाडीत हवाच. मोठ्या खर्चाच्या बदलांनी जे मिळत नाही, ते या पंपाने मिळतं.

उंची किती वाढवावी?

दोन इंच पुरे. मूळ जिप्सीत पाटे ॲक्सलच्या खाली बांधलेले असतात. ते वर घेतले की एकदम पाच इंचांच्या आसपास उंची मिळते, म्हणून हा प्रकार लोकप्रिय आहे. पण त्याने स्टिअरिंगचा रॉड तिरका होतो, शाफ्टचे कोन वाढतात, ब्रेकचे होज अपुरे पडतात, जोर लावल्यावर पाटे पिळवटतात आणि तिरक्या उतारावर गाडी कलंडण्याचा धोका वाढतो. हे सगळं एकेक करून दुरुस्त करणारे जाणकार आहेत, स्पर्धांत त्यांच्या गाड्या उत्तम चालतात. २०१४ मध्ये गोव्यात सुरू झालेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंज इंडियामध्ये अशा जिप्सींनी कमाल केली आहे. रोज ऑफिसला आणि रविवारी डोंगरात नेणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये. नुसते लांब शॅकल लावून पुढची बाजू उचलणं तर टाळाच, पुढच्या चाकांचा कॅस्टर कोन बिघडतो आणि गाडी रस्त्यावर भरकटते.

जाड लोखंडी बंपर, छतावरचा रॅक, दिव्यांची रांग यांनी गाडी रुबाबदार दिसते आणि जड होते. एका विंचचंच वजन ३५-४० किलो असतं. एक टनाच्या गाडीला ते पुढच्या टोकावर जाणवतं.

पाणी आणि सुटका

ओढा ओलांडायचा असेल तर ॲक्सल आणि पेट्यांच्या ब्रीदरला रबरी नळी जोडून ती बॉनेटपर्यंत वर आणा. गरम ॲक्सल गार पाण्यात शिरला की आत ओढ निर्माण होते आणि पाणी सीलमधून आत जातं. परतल्यावर डिफरन्शिअलचं ऑइल थोडं काढून बघा: दुधाळ दिसलं तर त्याच आठवड्यात बदला. एअर फिल्टरच्या तोंडापर्यंत पाणी येईल असं वाटलं तर जाऊच नका. इंजिनाने पाणी ओढलं आणि तशात सेल्फ मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

ओढण्याचे हुक पुढे-मागे थेट चासीला, जाड बोल्टांनी बसवलेले हवेत. बंपरला दोर बांधून झटका दिला तर बंपर उखडून समोरच्याच्या छातीवर येतो. ताणलेल्या दोरावर जाड कांबळं टाका आणि बघ्यांना दूर उभं करा. एकट्या गाडीने दुर्गम वाटेला जाऊ नये, हा नियम कुणासाठीही मोडू नका.

कायद्याची चौकट

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने ठरवलेल्या आणि आरसीवर असलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यावर शिक्कामोर्तब केलं. त्याआधी डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने क्रॅश गार्डवर कारवाई करायला राज्यांना कळवलं होतं. तेव्हा इंजिन बदलणं, बॉडी कापणं यासाठी आधी आरटीओची परवानगी घ्या. टायर आणि उंचीच्या बाबतीतही काम सुरू करण्याआधी तिथे आणि विमा कंपनीकडे लेखी विचारा. अपघातानंतर विमा नाकारला गेला तर भरपाई घरातून द्यावी लागते. शक्यतो प्रत्येक बदल असा करा की तो नट-बोल्ट उघडून परत काढता येईल, आणि काढलेले मूळ भाग तेल लावून जपून ठेवा. पासिंगच्या वेळी ते लागतात, आणि आता ते सहज मिळतही नाहीत.

गाडी कुठे न्यावी?

खासगी जमिनीवरचे ट्रॅक, मालकाच्या परवानगीने खडकाळ माळ, गावकऱ्यांच्या बैलगाडीच्या वाटा. जंगलात वनखात्याच्या परवानगीशिवाय नाही. वेळास-आंजर्ल्याच्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं वाळूत अंडी घालतात, चाकाखाली ती घरटी वरून दिसतही नाहीत. पावसाळ्यात कोकणातल्या सड्यांवर आणि कासच्या पठारावर मातीचा थर बोटभर असतो, आणि त्यावर वाढणाऱ्या कितीतरी वनस्पती जगात दुसरीकडे सापडत नाहीत. तिथे उमटलेली चाकोरी वर्षानुवर्षं भरत नाही. तुमच्या जिप्सीला तिथे जाता येत असलं तरी नेऊ नका, आणि सोबतच्या गाड्यांनाही थांबवा.