कामाची फेरी, जिवाची मुंबई

महाराष्ट्रातल्या कुठल्याही जिल्ह्यातल्या घराला मुंबईचं काम चुकत नाही. मंत्रालयात अडकलेली फाइल, उच्च न्यायालयातली तारीख, बीकेसीतली व्हिसाची मुलाखत, कंपनीचं दोन दिवसांचं ट्रेनिंग, नाहीतर मस्जिद बंदरची घाऊक खरेदी. घरातलं एक माणूस रात्रीच्या गाडीनं जातं, काम उरकतं आणि परत येतं. मुलांच्या वाट्याला येतो माहीमच्या हलव्याचा पुडा.

अशा एखाद्या फेरीला शाळेच्या सुट्टीत सगळ्यांनी मिळून जावं, असं मी मनापासून सांगते. एकाचं तिकीट आणि राहायची खोली हा खर्च तसाही होणारच असतो. वेगळी सहल ‘पुढच्या वर्षी’ म्हणत लांबते. कामाची तारीख मात्र लांबत नाही. तिला धरूनच सहल पदरात पाडून घ्यायची.

त्यासाठी एकच पथ्य पाळावं. कामाच्या एका दिवसाला एकच ठिकाण, आणि तेही कामाच्या वाटेवरचं. दोन दिवसांत राणीबाग, गेटवे, सिद्धिविनायक, जुहू आणि मॉल असा बेत आखला की मुलांना आठवते फक्त टॅक्सी.

आधी कामाचं घड्याळ

मोकळा वेळ कधी मिळणार, हे कामावर ठरतं. मंत्रालयात सर्वसामान्य अभ्यागतांना प्रवेश मिळतो तो दुपारी दोननंतर. म्हणजे तिथं काम असेल तर अख्खी सकाळ आपली. न्यायालयात उलट. आपलं प्रकरण बोर्डावर कितवं आहे, यावर सगळा दिवस टांगलेला. तिथं दुपारचं काही ठरवूच नये, संध्याकाळ धरावी. ट्रेनिंग दहा ते पाच असेल, तर मुलांना घेऊन आई, बाबा किंवा आजी दिवसभर फिरतील आणि पाचनंतर सगळे एकत्र येतील, असं आधीच बोलून घ्यावं. काम करणाऱ्याची वाट पाहत खोलीत बसून राहणं मुलांना सगळ्यात जड जातं.

राहायची सोय कामाच्या जवळ करावी. सकाळी आठ ते अकरा दक्षिणेकडे जाणाऱ्या आणि संध्याकाळी पाच ते आठ उपनगरांकडे परतणाऱ्या लोकलमध्ये मुलं आणि बॅगा घेऊन चढू नये. याच वेळात उलट दिशेची गाडी बरीच मोकळी असते. लोकलमध्ये बसायची मुलांची हौस तिथं भागवावी. परतीच्या दिवशी खोली सोडल्यावर सामान मोठ्या स्थानकावरच्या क्लोकरूममध्ये ठेवता येतं. बॅगेला कुलूप मात्र हवं.

भुयारातून जोडलेलं शहर

ऑक्टोबर २०२५ मध्ये आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो पूर्ण सुरू झाली आणि कामासाठी येणाऱ्या कुटुंबांची मोठीच सोय झाली. साधारण ३३ किलोमीटर, २७ स्थानकं. विमानतळ, बीकेसी, दादर, सिद्धिविनायक, सीएसएमटी, चर्चगेट आणि मंत्रालयाजवळचं विधान भवन ही सगळी एकाच मार्गावर आली. बाबा बीकेसीत उतरले, बाकीचे तसेच पुढं वरळीच्या विज्ञान केंद्राच्या स्थानकापर्यंत गेले, असं आता सहज जमतं.

तिथलं नेहरू विज्ञान केंद्र १९८५ पासूनचं. इथं यंत्रांना हात लावायला मनाई नाही. उलट बटणं दाबायची, चाकं फिरवायची आणि काय होतं ते पाहायचं. बाहेरच्या बागेत ‘मारुत’ विमान उभं आहे. भारतात विकसित झालेलं हे पहिलं लढाऊ जेट, १९६१ मध्ये पहिल्यांदा उडालं. आठ-दहा वर्षांच्या मुलांचे इथं तीन-चार तास सहज जातात.

वार पाहून निघा

कामाची फेरी आठवड्याच्या मधल्या वारी पडते, म्हणून सुट्टीचा वार पाहणं भाग आहे. घारापुरीची लेणी आणि वरळीचं नेहरू तारांगण सोमवारी बंद. भायखळ्याची राणीबाग आणि तिला लागून असलेलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद. डागडुजीसाठीही एखादं ठिकाण मधूनच बंद असतं, तेव्हा आदल्या दिवशी एक फोन करून खात्री करावी.

घारापुरी आणि बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान या फेरीतून वगळावं. गेटवेहून होडीलाच तासभर लागतो, मग पायऱ्या, मग परतीची होडी. त्यांना पूर्ण दिवस द्यायला हवा. पण घारापुरीची एक मोठी खूण भायखळ्यात भेटते. बेटाच्या किनाऱ्यावर एकसंध दगडाचा एक प्रचंड हत्ती होता. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी तो इंग्लंडला न्यायचा घाट घातला. उचलताना क्रेन मोडली, हत्ती पडला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे पुढं जोडले आणि आज तो हत्ती लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. जवळ गेलं की सांधे दिसतात. मुलांना ही गोष्ट तिथंच उभं राहून सांगावी. १८७२ मध्ये खुलं झालेलं हे संग्रहालय मुंबईतलं सर्वांत जुनं. शेजारच्या बागेत पेंग्विन आहेतच. भायखळ्याच्या एका फेरीत एवढं पदरात पडतं.

स्थानक हेच प्रेक्षणीय स्थळ

वेळ अगदीच थोडा असेल, तर सीएसएमटीच्या बाहेर अर्धा तास थांबावं. १८७८ मध्ये काम सुरू होऊन दहा वर्षांत उभी राहिलेली ही इमारत फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांची. २००४ पासून ती जागतिक वारसास्थळ आहे. आपण रोज गाडी पकडायच्या घाईत तिच्याखालून जातो आणि मान वर करत नाही. फाटकाच्या एका खांबावर सिंह आहे, दुसऱ्यावर वाघ. भिंतींवर दगडात कोरलेले मोर, माकडं, पानं, वेली. हे कोरीवकाम घडवण्यात आजच्या जे. जे. कला महाविद्यालयातल्या तेव्हाच्या विद्यार्थ्यांचा मोठा वाटा होता. मुलांना म्हणावं, ‘किती प्राणी सापडतात ते मोजा.’ मोठी माणसंही मोजू लागतात. समोरची महापालिकेची इमारतही स्टीव्हन्स यांचीच, १८९३ ची.

इथूनच एनसीपीए या कलाकेंद्राकडे जाणारी ११५ क्रमांकाची दुमजली बस सुटते. डिझेलच्या जुन्या दुमजली बस सप्टेंबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या; आताची विजेवर चालते आणि वातानुकूलित आहे. वरच्या मजल्यावरची पुढची जागा मिळेपर्यंत एखादी बस सोडायलाही हरकत नाही. एवढ्याशा तिकिटात फोर्टच्या दगडी इमारती पहिल्या मजल्याच्या उंचीवरून दिसतात आणि उतरलं की चालत मरीन ड्राइव्हला जाता येतं. ट्रेनिंगहून पाचला सुटलेल्या माणसानं बाकीच्यांना थेट तिथंच गाठावं.

संध्याकाळ सगळ्यांची

दादरला मुक्काम असेल, तर जेवणाची चिंता नाही. मामा काणे, प्रकाश, आस्वाद यांपैकी कुठंही साबुदाणावडा, थालीपीठ आणि पियुष मिळतं. मुलंही खातात, आजीही खाते. एखादी संध्याकाळ नाटकाला द्यावी. शिवाजी मंदिर, यशवंत नाट्य मंदिर, रवींद्र नाट्य मंदिर ही तिन्ही नाट्यगृहं दादरच्या टप्प्यात आहेत. निघण्याआधी जाहिराती पाहून तिकिटं काढून ठेवावीत.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आपण मुंबईला कशासाठी येतो, हे मुलांना दाखवावं. मंत्रालय बाहेरून दाखवावं, न्यायालयाची इमारत दाखवावी, काम काय होतं आणि ते झालं की अडलं, हे सोप्या शब्दांत सांगावं. आई किंवा बाबा दोन दिवस घरात नसतात तेव्हा काय करत असतात, हे मुलांना कळलं की त्या गैरहजेरीचा राग उरत नाही.

या अंकाच्या वाचकांना एक सुचवते. भाऊबीज झाली की सरकारी कार्यालयं आणि कंपन्या सुरू होतात, शाळांची सुट्टी मात्र आणखी काही दिवस असते. मुंबईचं एखादं काम रेंगाळलं असेल, तर त्याच दिवसांतली तारीख घ्या आणि या वेळी तिकिटं सगळ्यांची काढा.