'पाठ झालं' म्हणणारं मूल लगेच विसरतं, ते का? अकरा मारुतींच्या यादीवरून समजून घ्या

शिंगणवाडी, बहे, उंब्रज, पारगाव, चाफळ, शिराळा, मसूर, माजगाव, मनपाडळे, शहापूर. समर्थ रामदासांनी स्थापन केलेल्या अकरा मारुतींची ही गावं. गावं दहाच, कारण चाफळला दोन मारुती आहेत.

आता स्क्रीनवरून नजर हटवा आणि ही नावं म्हणून बघा.

अडखळलात? साहजिक आहे. एका वेळी डोक्यात साधारण सातच गोष्टी राहतात, असं अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये मांडलं होतं. पाच वर्षांच्या मुलाला तर एका दमात ऐकलेले चारेक आकडेच परत सांगता येतात.

मग मोठी होता होता मुलं लांबलचक याद्या कशा पाठ करू लागतात? मेंदूची वाढ होते, हे एक कारण. पण दुसरं कारण तितकंच महत्त्वाचं आहे: मुलं लक्षात ठेवण्याच्या युक्त्या शिकतात.

पहिली युक्ती: मनात घोकणं

१९६६ मध्ये जॉन फ्लेवेल आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत एक प्रयोग केला. मुलांना काही चित्रं ठरावीक क्रमाने दाखवली. मग १५ सेकंद त्यांचे डोळे झाकले आणि तेवढ्या वेळात त्यांचे ओठ हलतात का, ते पाहिलं.

पाच वर्षांच्या २० मुलांपैकी फक्त २ जण नावं पुटपुटत होते. सात वर्षांच्या २० पैकी १२ आणि दहा वर्षांच्या २० पैकी १७.

म्हणजे लहान मुलं विसरत होती, कारण 'घोकावं' हे त्यांना सुचतच नव्हतं. पुढच्याच वर्षी याच गटाने, न घोकणाऱ्या सहा-सात वर्षांच्या मुलांना पुटपुटायला सांगितलं, तर त्यांनाही इतरांइतकंच आठवलं. पण सांगणं थांबवल्यावर बऱ्याच मुलांनी ती युक्ती सोडून दिली. युक्ती दाखवून भागत नाही, तिचा उपयोग होतो हे मुलाला पटावंही लागतं.

दुसरी युक्ती: गट पाडणं

वरची यादी आता अशी वाचा:

- सातारा जिल्हा, कराड तालुका: उंब्रज, मसूर, शहापूर
- सातारा जिल्हा, पाटण तालुका: चाफळ (दोन), माजगाव, शिंगणवाडी
- सांगली जिल्हा: बहे, शिराळा
- कोल्हापूर जिल्हा: मनपाडळे, पारगाव

गावं तीच, पण आता लक्षात ठेवायचे आहेत चार गट. अशी विभागणी मुलं आपणहून करू लागतात, ती साधारण नऊ-दहा वर्षांच्या पुढे. त्याआधी ती यादी दिली तशीच पाठ करायला बघतात.

माहिती असेल, तर लहानही जिंकतात

उंब्रज परिसरात वाढलेल्या मुलाला ही यादी पुण्या-मुंबईच्या मुलापेक्षा सोपी जाईल. मसूर म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढे रस्ता येतो, एसटी स्टँड येतं. नव्या गोष्टीला अडकवायला जुनी खुंटी असते.

मिशेलिन ची यांनी १९७८ मध्ये हेच दाखवलं. बुद्धिबळात तरबेज असलेल्या सुमारे दहा वर्षांच्या मुलांनी पटावरची मांडणी मोठ्यांपेक्षा चांगली लक्षात ठेवली. आकडे लक्षात ठेवताना मात्र मोठेच पुढे होते. त्यामुळे क्रिकेटचे स्कोअर तोंडपाठ आणि पाढे विसरणाऱ्या मुलाची 'स्मरणशक्तीच कमी' असं लगेच म्हणता येत नाही.

'पाठ झालं' हे खोटं असतं का?

बहुतेकदा नाही. १९७० च्या एका प्रयोगात मुलांना 'पूर्ण पाठ झालं की सांगा' असं म्हटलं होतं. मोठ्या मुलांचा अंदाज बहुतेक वेळा बरोबर निघाला. लहान मुलांनी 'झालं' म्हटलं, पण त्यांना सगळं सांगता आलं नाही. आपल्याला किती येतं हे ओळखणं हीसुद्धा एक क्षमता आहे आणि ती सावकाश येते. अशा मुलाला 'खोटं बोलतोस' म्हणून ओरडा बसला, तर न केलेल्या चुकीची शिक्षा त्याला मिळते.

मग घरी काय करायचं?

- 'पुन्हा वाच' म्हणण्याऐवजी पुस्तक मिटून विचारा. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक यांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात, पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा आठवून पाहणाऱ्यांना आठवड्यानंतर जास्त आठवलं.
- यादी मोठी असेल, तर मुलासोबत बसून गट पाडा. गट कसे पाडायचे, ते त्यालाच ठरवू द्या.
- युक्ती वापरण्याआधी किती आठवलं आणि नंतर किती, हे त्याला मोजून दाखवा. फरक दिसला, तर ते युक्ती सोडणार नाही.
- 'तुझ्या लक्षातच राहत नाही' ऐवजी 'तू कसं पाठ केलंस?' असं विचारा.

मुलाला शाळेतल्या गोष्टींसोबत रोजच्या साध्या गोष्टीही सतत आठवत नसतील, तर मात्र डॉक्टरांना दाखवा. एरवी ते विसरलं, तर आधी बघा: लक्षात ठेवायचं कसं, हे त्याला कुणी शिकवलंय का?