पडद्यावरील चित्र वाचावे कसे?

पुस्तक वाचण्यास शिकावे लागते, हे सर्वांना मान्य आहे. चित्रपट मात्र डोळे असणाऱ्या प्रत्येकास आपोआप कळतो, असा आपला समज असतो. वस्तुतः पडद्यावरील चित्रालाही व्याकरण आहे. कॅमेरा कोठे ठेवला, चौकटीत काय घेतले, काय वगळले आणि ते किती वेळ दाखविले, यांतून अर्थ निर्माण होतो.

सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’ (१९५५) या बंगाली चित्रपटातील एक दृश्य पाहा. दुर्गा या गरीब मुलीवर शेजारच्या घरातील मण्यांची माळ चोरल्याचा आळ येतो. ती इन्कार करते. पुढे ती तापाने दगावते. कुटुंब गाव सोडून काशीस निघते, तेव्हा आवराआवर करताना धाकट्या अपूच्या हाती तीच माळ लागते. कोणास काही न सांगता तो ती तळ्यात भिरकावतो. पाण्यावरील शेवाळ क्षणभर दुभंगते आणि हळूहळू पुन्हा मिटते. संवाद एकही नाही. तरी बहिणीची चूक भावाने कायमची पोटात घातली, हे आपणांस उमगते.

बिभूतिभूषण बंदोपाध्याय यांच्या मूळ कादंबरीत अपू एक सोन्याची डबी बांबूच्या बनात फेकतो. राय यांनी बनाऐवजी तळे घेतले. बनात वस्तू दिसेनाशी होते खरी, पण झाकले जाणे डोळ्यांना दिसत नाही. तळ्यावर ते दिसते. छायाचित्रकार सुब्रत मित्र यांनी त्यापूर्वी चित्रपटाचा कॅमेरा कधी हाताळला नव्हता, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे.

ही झाली रचलेली कथा. परंतु प्रत्यक्ष घडणारी घटना टिपतानाही निवड करावीच लागते. १९६१ साली यरुशलेम येथे आइशमनवर खटला चालला. कामकाजात व्यत्यय येऊ नये म्हणून चार कॅमेरे आडोशाला ठेवले होते. दिग्दर्शक लिओ हुर्वित्झ चारही चित्रे समोर पाहत आणि त्यांतील एकच निवडून टेपवर घेत. साक्षीदार आपल्या आप्तेष्टांची कहाणी सांगत असता चित्र मधूनच काचेच्या पिंजऱ्यातील आरोपीकडे वळे. तो चेहरा बहुधा निर्विकार. एकीकडे अश्रू, दुसरीकडे ती थंड नजर! दोन्ही शेजारी येताच जो अर्थ निघतो, तो एकट्या कोणत्याच चित्रात नाही. इस्राएलात तेव्हा दूरचित्रवाणी नव्हती; आपल्या देशाने तो खटला मुख्यतः रेडिओवर ऐकला, आणि टेप विमानाने परदेशी गेले.

हुर्वित्झ यांची निवड सत्य उजेडात आणणारी होती. प्रत्येक निवड तशीच असेल असे नाही. युद्धाची, दंगलीची चित्रे आज मुलांच्या हातातील फोनवर येतात आणि तीही कोणीतरी निवडलेलीच असतात. चौकट थोडी सरकविली, तर दगड मारणारा दिसतो आणि दगड खाणारा दिसत नाही.

म्हणून पालकांस विनंती की, घरी मुलांसमवेत चित्रपट अथवा बातम्या पाहताना दोन प्रश्न अवश्य विचारावेत: हे चित्र कोठे उभे राहून घेतले? चौकटीबाहेर काय राहिले असेल? उत्तर दर वेळी सापडेलच असे नाही. परंतु ज्या मुलास असे प्रश्न विचारण्याची सवय लागली, त्यास चित्राच्या जोरावर फसविणे सोपे जाणार नाही.