औषध लागू पडले, हे ओळखायचे कसे?

“मॅडम, वर्ष झालं सलाईन घेतेय, पण पायाच्या मुंग्या काही जात नाहीत. पुढचा डोस नाही घेतला तर?” बाह्यरुग्ण विभागात तिशीतली एक शिक्षिका विचारत होती. तिला मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) आहे. हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही.

एमएसमध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणा मेंदू आणि मज्जारज्जूतील तंतूंच्या मायलिन या आवरणावरच हल्ला करते. कधी एका डोळ्याने अंधुक दिसते, कधी पाय लटपटतात, कधी लघवीवरचा ताबा सुटतो. मोनोक्लोनल अँटिबॉडी म्हणजे एकच लक्ष्य ओळखणारी, प्रयोगशाळेत तयार केलेली प्रथिने. रिटुक्सिमॅब आणि ऑक्रेलिझुमॅब रक्तातील बी-पेशी कमी करतात आणि त्यामुळे नवे झटके बरेच कमी होतात. मात्र जुन्या झटक्यात कायमचे दुखावलेले तंतू त्यांनी दुरुस्त होत नाहीत. म्हणून मुंग्या राहतात. नवा झटका नाही, एमआरआयमध्ये नवा डाग नाही, हेच या औषधाचे यश.

औषध साधारण दर सहा महिन्यांनी सलाईनमधून देतात. पहिल्या वेळी घसा खवखवणे, खाज, थंडी वाजणे असा त्रास अनेकांना होतो. त्यासाठी आधीच पॅरासिटामॉल, अॅलर्जीचे औषध आणि स्टिरॉइड देतात. त्रास जाणवला तर सहन करत गप्प बसू नका, लगेच सिस्टरना सांगा. थेंबांचा वेग कमी केला की बहुतेकांना बरे वाटते.

उपचारापूर्वी हेपॅटायटिस बी आणि क्षयरोगाची तपासणी आवश्यक असते. लसी शक्यतो आधीच घ्याव्यात. उपचार सुरू असताना ताप, खोकला किंवा लघवीला जळजळ अंगावर काढू नये. मूल हवे असेल तर डोसच्या वेळेबाबत आधी बोलावे.

एप्रिल-मे महिन्यांत ‘औषधाचा असर संपला’ म्हणत काही रुग्ण येतात. उष्णतेने जुनी लक्षणे तात्पुरती वाढतात आणि गारव्यात बसले की ओसरतात. हा नवा झटका नव्हे. ताप नसताना नवे लक्षण चोवीस तासांहून अधिक टिकले, तर मात्र थांबू नका.

खर्चाची काळजी खरी आहे. रिटुक्सिमॅब मुळात कर्करोगाचे औषध. त्याची भारतात तयार होणारी स्वस्त रूपे मिळतात. 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एमएससाठीही त्याचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएसची नोंद आहे, त्यामुळे प्रमाणपत्रासाठी जरूर अर्ज करावा.

मी त्या शिक्षिकेला विचारले, “सलाईनच्या आधीच्या वर्षी झटके किती आले होते?”

“तीन.”

“आणि यंदा?”

ती क्षणभर थांबली. “एकही नाही.”

पुढच्या डोसची तारीख तिने स्वतःच वहीत लिहून घेतली.