शेजाऱ्यांकडून आलेली आई

कुठलीही परकी भाषा शिकायची, तर सुरुवात कुठून करावी? कुणी व्याकरणापासून करतात, कुणी आकड्यांपासून. मी मात्र घरच्या माणसांपासून केली. आई, बाप, भाऊ, बहीण, मामा, मावशी. हे शब्द मूल सर्वांत आधी शिकतं, आणि पन्नाशी उलटलेला विद्यार्थी हाही एका अर्थी मूलच असतो.

भाषा आहे फिनिश, म्हणजे फिनलंडची. माझी मुलगी आणि जावई हेलसिंकीला लागून असलेल्या एस्पो शहरात राहतात. नातू चार वर्षांचा आहे. दिवसभर तो पाळणाघरात असतो. पाळणाघराला तिथे ‘पॅइवॅकोति’ म्हणतात. ‘पॅइवॅ’ म्हणजे दिवस आणि ‘कोति’ म्हणजे घर. या दिवसाच्या घरातून तो रोज चार नवे शब्द आणतो आणि फोनवर मला ऐकवतो. त्याचं बोलणं आपल्याला कळावं, एवढ्याच हेतूनं मी वही उघडली.

फिनिश ही युरोपातली असूनही इंग्रजी, जर्मन किंवा रशियन यांच्या कुळातली नाही. तिचं कूळ युरालिक. एस्टोनियाची भाषा तिची सख्खी, हंगेरीची लांबची. आपली मराठी, उर्दू, फारसी आणि इंग्रजी या एका विशाल इंडो-युरोपीय कुळातल्या. फिनिश त्या कुळाबाहेरची. म्हणजे नात्यांचे शब्द शिकताना कुठलीच ओळख लागू नये, अशी माझी अपेक्षा होती.

उच्चारांचं मात्र मराठी माणसाला फारसं अवघड जात नाही. जसं लिहिलं तसं वाचायचं, आणि जोर नेहमी पहिल्या अक्षरावर. ऱ्हस्व-दीर्घ काटेकोर पाळायचं. ‘तुलि’ म्हणजे आग आणि ‘तूलि’ म्हणजे वारा. ‘कुका’ म्हणजे कोण आणि ‘कुक्का’ म्हणजे फूल. जे आम्ही ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांसाठी छड्या खात मोठे झालो, त्यांना याचं भय नाही. एकच स्वर त्रास देतो. ओठ ‘उ’साठी गोल करायचे आणि आतून ‘ई’ म्हणायची. आपल्या लिपीत तो नीट बसत नाही. मी तो ‘यु’नं भागवतो.

आता घरात शिरू. बाप म्हणजे ‘इसॅ’, आई म्हणजे ‘ॲइति’, भाऊ ‘वेलि’, बहीण ‘सिसार’ किंवा लाडानं ‘सिस्को’. मुलगा ‘पोइका’, मुलगी ‘त्युतॅर’. ‘माझा’ किंवा ‘माझी’ म्हणायचं, तर शेवटी ‘नि’ जोडतात : ‘इसॅनि’ म्हणजे माझे वडील, ‘ॲइतिनि’ म्हणजे माझी आई. नातं आणि मालकी एकाच शब्दात. भाषेत लिंगभेद नाही. तो आणि ती या दोघांनाही ‘हॅन’. नातवंडालासुद्धा एकच शब्द, ‘लाप्सेनलाप्सि’, म्हणजे लेकराचं लेकरू. नातू की नात, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

आजीला ‘इसोॲइति’ म्हणतात, म्हणजे मोठी आई. लाडाचा शब्द ‘मुम्मो’. आणि आजोबांना म्हणतात ‘वारी’! पंढरीच्या वाटेवर एक पाऊलही न टाकता मला घरबसल्या वारी घडली. सासरा म्हणजे ‘आप्पि’. आमच्या घरांत थोरल्या बहिणीला आपी म्हणतात, त्यामुळे या शब्दाशी मी जरा जपून वागतो. सासू ‘आनोप्पि’, सून ‘मिनिॲ’, जावई ‘वॅव्यु’.

इंग्रजीनं काका, मामा, मावसा, आतोबा या सगळ्यांना एका ‘अंकल’मध्ये कोंबलं. फिनिशनं तसं केलेलं नाही. बापाचा भाऊ ‘सेतॅ’ आणि आईचा भाऊ ‘एनो’, म्हणजे काका वेगळा, मामा वेगळा. मावशी आणि आत्या मात्र दोघी ‘तॅति’. गंमत म्हणजे तिथली लहान मुलंही अनोळखी मोठ्या माणसाला ‘सेतॅ’ आणि बाईला ‘तॅति’ म्हणतात, जसे आपण रिक्षावाल्याला काका आणि भाजीवालीला मावशी म्हणतो. पुतण्या आणि भाचा यांना स्वतंत्र शब्द नाहीत, पण गोंधळही नाही. ‘वेल्येनपोइका’ म्हणजे भावाचा पोरगा, ‘सिसारेनपोइका’ म्हणजे बहिणीचा पोरगा. नातं उलगडूनच सांगायचं.

जुन्या फिनिशमध्ये आणखी दोन शब्द होते : ‘क्युत्यु’ म्हणजे दीर आणि ‘नातो’ म्हणजे नणंद. पूर्वेकडे, कारेलियाच्या भागात, भाऊ, त्यांच्या बायका आणि मुलं एकाच मोठ्या घरात राहत. सून त्या घरात आली की दीर कोण आणि नणंद कोण, हे तिला रोज जपावं लागे. म्हणून शब्दही जपलेले. एलियास ल्योन्रोट यांनी लोकगीतं गोळा करून ‘कालेवाला’ हे महाकाव्य 1835 मध्ये प्रसिद्ध केलं आणि 1849 मध्ये ते वाढवलं. त्यातल्या लग्नगीतांत नव्या नवरीला सासर कसं असेल ते सांगितलं आहे. जात्यावरच्या ओव्या ऐकत वाढलेल्या कुणालाही तो सूर लगेच ओळखू येईल. पुढे मोठी घरं मोडली, माणसं शहरांत गेली, आणि हे दोन शब्द जवळजवळ पुस्तकात जाऊन बसले. आज सगळे मेहुणे-दीर ‘लांको’ आणि सगळ्या वहिनी-नणंदा ‘कॅल्यु’. घर बदललं की नात्यांचे शब्दही बदलतात. आपल्याकडच्या किती मुलांना ‘जाऊ’ या शब्दाचा अर्थ विचारल्यावर क्रियापद आठवतं, ते एकदा घरी पाहा.

इथवर सगळं वहीत लिहून झालं आणि मी ‘त्युतॅर’ या शब्दापाशी थांबलो. मुलगी. फारसीत मुलीला ‘दुख्तर’ म्हणतात. उर्दू शायरीतून तो मला ठाऊक. संस्कृतात ‘दुहिता’. बी.ए.ला भाषाशास्त्राचं थोडं काही वाचलं होतं, त्याच्या आधारानं शब्दांची व्युत्पत्ती शोधली. ‘त्युतॅर’ हा मूळ फिनिश शब्दच नाही! आजच्या लिथुआनियन आणि लाटवियन भाषांच्या पूर्वजांकडून, म्हणजे बाल्टिक शेजाऱ्यांकडून, तो फार प्राचीन काळी फिनिशनं घेतला. त्या बाल्टिक भाषा आपल्याच इंडो-युरोपीय कुळातल्या. म्हणजे दुहिता, दुख्तर आणि त्युतॅर या तिघी एकाच आईच्या लेकी, त्यातली एक दुसऱ्या घरी दिलेली. संस्कृतात मुलीच्या मुलाला ‘दौहित्र’ म्हणतात, फिनिशमध्ये ‘त्युत्तॅरेनपोइका’. माझा नातू दोन्ही शब्दांत बसतो. ‘सिसार’ची कथाही तीच. संस्कृतातली ‘स्वसा’ तिची लांबची बहीण.

त्याहून जुना एक शब्द आहे, ‘ओर्पो’. अर्थ, अनाथ, पोरका. हा शब्द फिनिशच्या पूर्वज भाषेनं हजारो वर्षांपूर्वी थेट इंडो-इराणी बोलणाऱ्यांकडून घेतला, असं अभ्यासक सांगतात. त्याचं संस्कृतातलं रूप ‘अर्भ’, म्हणजे लहान, दुबळं लेकरू. आपलं ‘अर्भक’ त्यातूनच आलं. आम्ही त्यातलं लहानपण ठेवलं, त्यांनी पोरकेपण. फिनिशमध्ये शंभराला ‘साता’ म्हणतात, ते आपलं ‘शत’, तेही याच वाटेनं गेलेलं.

पण खरा धक्का ‘ॲइति’नं दिला. आई हा शब्दसुद्धा उसना निघाला! तो जर्मानिक भाषा बोलणाऱ्या शेजाऱ्यांकडून आला. चौथ्या शतकात बायबलचं गॉथिक भाषांतर झालं, त्यात आईसाठी याच्याच जवळचा शब्द आहे. गॉथिक भाषा केव्हाच संपली. आज जर्मन, स्वीडिश, इंग्रजी यांपैकी कुणीही आईला त्या शब्दानं हाक मारत नाही. तो जिवंत राहिला तो परक्या कुळातल्या फिनिश लेकरांच्या तोंडी. त्यांचा स्वतःचा जुना शब्द होता ‘एमो’ किंवा ‘एमॅ’. एस्टोनियात आजही आईला ‘एमा’ म्हणतात. फिनिशमध्ये ‘एमो’ आता पिलांच्या आईला, म्हणजे गायीला, मांजरीला, पक्षिणीला लावतात. ‘कालेवाला’त मात्र लेम्मिनकॅइनेनची आई ‘एमो’ही आहे. मुलाच्या देहाचे तुकडे मृत्यूच्या नदीतून दाताळ्यानं गोळा करून त्याला पुन्हा जिवंत करणाऱ्या या बाईला सबंध काव्यात नाव नाही. ती फक्त आई आहे.

मराठीत कविता लिहिणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला एक प्रश्न आयुष्यभर पुरतो : तुमची मातृभाषा कोणती? विचारणाऱ्याच्या मनात उत्तर आधीच ठरलेलं असतं. घरात आम्ही अम्मी म्हणालो, खाला म्हणालो, मामू म्हणालो. शेजारच्या आजीला आजीच म्हणालो. कुठला शब्द कुणाचा, हे तेव्हा कुणी विचारलं नाही.

फिनिशमध्ये मातृभाषेला ‘ॲइदिनकिएलि’ म्हणतात. ‘किएलि’ म्हणजे जीभ, आणि भाषाही. ‘ॲइदिन’ म्हणजे आईची. तिथल्या शाळांत ‘मातृभाषा आणि साहित्य’ असा विषयच आहे. त्या विषयाच्या नावातली आई शेजाऱ्यांकडून आलेली आहे, आणि त्यामुळे ती भाषा कुणाला कमी आपली वाटत नाही. शेकडो वर्षं स्वीडनच्या आणि मग 1809 पासून 1917 पर्यंत रशियाच्या सत्तेखाली राहून त्या लोकांनी ती टिकवली, ती याच उसन्या आईच्या नावानं.

नातवाची तिथे नोंदणी केली, तेव्हा फॉर्मवर मातृभाषेसाठी एकच जागा होती. मुलीनं तिथे ‘मराठी’ लिहिलं. गेल्या आठवड्यात त्यानं फोनवर मला विचारलं, ‘‘वारी, तू कधी येणार?’’ वाक्यातला एक शब्द फिनिश होता, तीन मराठी. मी म्हणालो, ‘‘लवकर.’’